अणूंचा लेझर: टाकी अखंड भरतेय, पण नळ कुठाय?

आधी एक दुरुस्ती करतो, मग विषयाकडे वळू.

काही महिन्यांपूर्वी इथल्याच एका लेखात मी ओघात लिहून गेलो होतो की २०२२ साली ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी अखंड चालणारा 'अणू-लेझर' तयार केला. त्यावर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एका वाचक ताईंचा मेल आला. एकच ओळ: "लेझर म्हणता, मग झोत कुठाय?" मी मूळ पेपर पुन्हा उघडला, शांतपणे वाचला आणि कपाळाला हात लावला. झोत नाहीच आहे. त्यांनी जे केलंय ते फार मोठं आहे, पण मी सांगितलं होतं ते वेगळंच.

चूक माझ्या एकट्याची असती तर दोन ओळींचं शुद्धिपत्र पुरलं असतं. पण २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं क्वांटम विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष, त्यात आपलं राष्ट्रीय क्वांटम मिशन, त्यामुळे हा शब्द यूट्यूबवर आणि अर्थातच व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तर 'शत्रूची क्षेपणास्त्रं वितळवणारा अणूंचा लेझर' असा फॉरवर्ड आला, शेवटी तिरंगा लावून. आणि एम.एस्सी. करणारा माझा भाचा तो वाचून विचारतो, "मामा, पीएच.डी.ला हाच विषय घेऊ का? दहा वर्षांनी यात नोकरी असेल ना?" आता पोराच्या पाच-सहा वर्षांचा प्रश्न आहे म्हटल्यावर हिशेब नीट मांडायला हवा.

शस्त्राचं आधी उरकून टाकतो. रुबिडियमचे दहा लाख अणू एक मिलिमीटर खाली पडले तर त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम १४ सेंटिमीटर होतो. त्या सगळ्यांची मिळून जी ऊर्जा होते, तिच्या कोटी गुणिले कोटी पट ऊर्जा उडणाऱ्या एका डासात असते. शिवाय हा झोत फक्त निर्वातातच टिकतो, हवेत आला की पहिल्याच धडकेत संपला. क्षेपणास्त्र सोडा, तो काचेच्या डबीबाहेरसुद्धा येऊ शकत नाही.

मग याला लेझर का म्हणायचं? गणपतीच्या मिरवणुकीत रस्त्यावरची गर्दी बघा आणि त्याच रस्त्यावरून जाणारं लेझीम पथक बघा. माणसं तीच, पण पथकात प्रत्येकाचं पाऊल एकाच ठेक्यावर पडतं. बल्बचा प्रकाश म्हणजे गर्दी, लेझरचा प्रकाश म्हणजे पथक. (लेझर आणि लेझीम, नावातलं साम्य निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरं.) क्वांटम सिद्धान्तानुसार अणूसुद्धा तरंगासारखे वागतात. हे सगळे तरंग एकाच ठेक्यावर आले आणि त्यांचा झोत बाहेर काढता आला, की झाला अणू-लेझर.

अडचण अशी की साध्या तापमानाला अणूचा तरंग इतका आखूड असतो की शेजारच्या अणूशी त्याचा संबंधच येत नाही. अणू जितका थंड, म्हणजे जितका संथ, तितका तरंग लांब. थंड करत करत एक वेळ अशी येते की तरंग एकमेकांवर चढतात आणि सगळे अणू एकाच अवस्थेत गोळा होतात. यालाच बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट म्हणतात. यातला बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ बोस, १९२४ साली ढाक्याला शिकवत होते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे उत्साहाच्या भरात ती गाळली जाते. बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी कशी करायची हे नव्याने मांडलं, आइनस्टाइनने ते अणूंना लावलं आणि अणू असे गोळा होतील हे भाकीत त्याचं. दोघांचंही श्रेय इतकं मोठं आहे की वाढवून सांगायची गरजच नाही.

भाकीत प्रत्यक्षात यायला सत्तर वर्षं लागली. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू १७० नॅनोकेल्विनला नेऊन कंडेन्सेट बनवलं. म्हणजे निरपेक्ष शून्यापेक्षा अंशाच्या एक कोटीव्या भागाच्या दीड-दोन पट वर. रीत दोन टप्प्यांची. आधी चहूबाजूंनी लेझरचा मारा करून अणूंना संथ करायचं, मग चुंबकीय सापळ्यात अडकवून सगळ्यात तापट अणू बाहेर जाऊ द्यायचे. चहा बशीत ओतल्यावर वाफ जाते आणि मागे राहिलेला चहा निवतो, तेच हे. फरक एवढाच की इथे बहुतेक सगळा 'चहा' उडून जातो आणि तळाशी थेंबभर उरतो. ही उधळपट्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्याच वर्षी एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाने सोडियमचं बरंच मोठं कंडेन्सेट केलं. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. आपल्या विषयाची खरी सुरुवात केटर्लेंच्याच लॅबमध्ये, जानेवारी १९९७ मध्ये छापून आलेल्या दोन पेपरांत आहे.

पहिल्यात त्यांनी नळ बसवला. चुंबकीय सापळा अणूंना धरतो तो त्यांच्या आतल्या चुंबकाची दिशा ठरावीक असते म्हणून. रेडिओ लहरींचा छोटा ठोका देऊन काही अणूंची दिशा फिरवली की त्यांना सापळा लागूच होत नाही, ते गुरुत्वाकर्षणाने खाली पडतात. असे ठोक्यामागून ठोके दिले आणि कंडेन्सेटमधून चंद्रकोरीच्या आकाराचे पुंजके एकामागून एक खाली टपकू लागले. एकेका पुंजक्यात लाख ते दहा लाख अणू. तो फोटो आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. दुसऱ्या पेपरात दोन वेगवेगळी कंडेन्सेटं एकमेकांत मिसळू दिली, तर तिथे काळे-पांढरे पट्टे उमटले, दोन पट्ट्यांमधलं अंतर सुमारे १५ मायक्रोमीटर. तळ्यात दोन दगड टाकल्यावर लाटा जशा कुठे वाढतात, कुठे मरतात, तसं हे पदार्थाचं झालं. अणूंचा ठेका खरंच एक आहे, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

पुढे १९९९ मध्ये म्युनिकला इमॅन्युएल ब्लॉख, टेओडोर हेन्श आणि टिलमन एस्लिंगर यांनी ठोक्यांऐवजी रेडिओ लहर सलग चालू ठेवली, तेव्हा पुंजक्यांऐवजी अणूंची धार पडू लागली. ती टिकली साधारण सेकंदाचा दहावा भाग. कारण उघड आहे: टाकी भरलेली होती, नळ सोडला, टाकी संपली. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम फिलिप्स यांच्या गटाने लेझरच्या धक्क्याने अणूंना हव्या त्या दिशेला ढकलून दाखवलं, म्हणजे धार फक्त खालीच पडायला हवी असं नाही.

आता मोजणीकडे येतो. 'थंड अणू खाली पडले' म्हणजे लेझर झाला असं नाही. गर्दीसुद्धा एका गल्लीतून एका दिशेने जाऊ शकते. धार लेझर आहे की नुसतीच थंड गर्दी, हे कसं ओळखायचं?

नेहमीची रीत म्हणजे सावली मोजणं. अणूंच्या ढगावर प्रकाश टाकायचा, अणू तो शोषतात, मागच्या कॅमेऱ्यावर सावली पडते. सावली किती गडद त्यावरून किती अणू, आणि ढग किती पसरला त्यावरून किती थंड. पण या फोटोत तो ढग मरतो. पुढचा फोटो हवा तर सगळं पहिल्यापासून. आणि सावली सरासरी सांगते, अणू एकामागून एक कसे येतात ते सांगत नाही.

ते सांगणारा प्रयोग झुरिकला २००५ मध्ये झाला, एस्लिंगर यांच्याच गटाकडून. त्यांनी कंडेन्सेटच्या खाली दोन अतिशय उत्तम आरसे समोरासमोर ठेवले आणि त्यांच्यामध्ये मंद प्रकाश खेळता ठेवला. वरून पडणारा एकेक अणू आरशांमधून गेला की प्रकाशात खळ पडायचा. टिक. पुढचा अणू, टिक. अणू अक्षरशः एकेक करून मोजता आले.

मुंबईत राहणाऱ्यांना याची गंमत लगेच कळेल. अर्धा तास बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन बस एकदम येतात. साध्या, गोंधळलेल्या झोतातले बोस जातीचे अणू तसेच वागतात: एक आला की लगोलग दुसरा येण्याची शक्यता जास्त, सरासरीच्या दुप्पट. ताऱ्यांच्या प्रकाशात हा प्रकार हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी १९५६ मध्ये दाखवला होता. याचं माप म्हणजे 'जी-टू' नावाचा आकडा. गोंधळलेल्या झोतासाठी तो २ येतो, खऱ्या लेझरसाठी १. १ म्हणजे अणू समान अंतराने येतात असं मात्र नाही. पत्र्यावर पावसाचे थेंब पडतात तसे, एका थेंबाचा दुसऱ्याशी संबंध नाही. झुरिकच्या धारेत हा आकडा १ आला. मग त्यांनी त्याच कंडेन्सेटमधून, पण मुद्दाम गोंगाट मिसळलेल्या लहरीने अणू बाहेर काढले. लगेच अणू जोडीजोडीने येऊ लागले. मला या प्रयोगातलं हे दुसरं पाऊल सगळ्यात आवडतं. आपलं यंत्र नुसतं '१' दाखवायची सवय लागलेलं नाही ना, याची त्यांनी स्वतःच उलटतपासणी घेतली.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये ऑर्सेला हेलियमच्या अणूंवर हाच निकाल आला. पुढे २००७ मध्ये एकाच उपकरणात हेलियम-४ आणि हेलियम-३ शेजारी-शेजारी तपासले गेले. पहिला बोस जातीचा, तो गर्दी करतो. दुसरा फर्मी जातीचा, तो एकमेकांना टाळतो. एका न्यूट्रॉनचा फरक, आणि स्वभाव बरोबर उलटा.

म्हणजे २००५ पर्यंत धार काढता आली, ती लेझरच आहे हे मोजूनही झालं. उरला एकच प्रश्न, टाकी संपते त्याचं काय?

प्रश्न दिसतो त्यापेक्षा फार अवघड आहे. प्रकाशाच्या लेझरमध्ये वीज दिली की नवे फोटॉन तयार होतात. अणू असे तयार करता येत नाहीत, ते कुठून तरी आणावे लागतात, आणि आणताना थंड करावे लागतात. थंड करायचं तर लेझरचा प्रकाश हवा. पण कंडेन्सेट इतकं नाजूक की थंड करणाऱ्या त्याच प्रकाशाचे कण त्यावर आपटले की ते विसकटतं. म्हणजे ज्या विस्तवावर स्वयंपाक होतो, त्यानेच पदार्थ करपतो. म्हणून सगळे प्रयोग पाळीपाळीने चालायचे: थंड कर, दिवा बंद कर, बाष्पीभवन कर, फोटो काढ, पुन्हा सुरू. आपल्या गुऱ्हाळासारखं. एक काहील भरा, आटवा, उतरवा, मग दुसरी. केटर्लेंच्या गटाने २००२ मध्ये एका जागी बनवलेली कंडेन्सेटं प्रकाशाच्या चिमट्याने उचलून दुसऱ्या सापळ्यात ओतत राहून दहा लाखांवर अणू कायम टिकवले. पण तीही घागरीने टाकी भरण्यासारखीच युक्ती होती.

ॲमस्टरडॅमला फ्लोरियन श्रेक यांच्या गटाने गुऱ्हाळ मोडून साखर कारखाना उभा केला. कारखान्यात रस एका भांड्यातून पुढच्यात सरकत राहतो, प्रत्येक भांड्यात थोडा घट्ट होतो आणि सगळी भांडी एकाच वेळी चालू असतात. त्यांनी स्ट्रॉन्शियम निवडला, कारण त्याच्याकडे दोन सोयीचे रंग आहेत. ४६१ नॅनोमीटरचा निळा प्रकाश जोरकस, सुरुवातीला ब्रेक लावायला. ६८९ नॅनोमीटरचा लाल प्रकाश हळुवार, शेवटची उष्णता काढायला. अणू भट्टीतून निघतात, एकेका जागी थोडे थंड होत पुढे सरकतात आणि शेवटी एका खळग्यात गोळा होतात. खळग्याच्या आजूबाजूला लाल प्रकाश चालूच असतो. मग कंडेन्सेट वाचतं कसं? त्यांनी खळग्यावर आणखी एक लेझर सोडला. तो तिथल्या अणूंचे ऊर्जास्तर जरासे हलवतो, त्यामुळे त्या अणूंना थंड करणारा लाल प्रकाश 'दिसतच' नाही. विस्तव पेटलेला आहे, पण भांडं त्याच्यासाठी पारदर्शक झालंय. या सावलीत सरासरी सुमारे सात हजार अणूंचं कंडेन्सेट अखंड टिकून राहिलं. अणू गळत होते, तितकेच नवे येऊन मिळत होते.

ही झाली न संपणारी टाकी. नळ मात्र त्या प्रयोगात नव्हता. अणू बाहेर सोडून अखंड झोत मिळवणं हे त्यांनी पुढचं पाऊल म्हणून मांडलं होतं. माझी चूक नेमकी इथे झाली होती. आणि सात हजार हा आकडाही डोळ्यांसमोर असू द्या. दुकानात शंभर रुपयांना मिळणारा एक मिलिवॉटचा लाल लेझर सेकंदाला सुमारे तीन हजार लाख कोटी फोटॉन फेकतो.

आता भाच्याचा प्रश्न: याचा उपयोग काय, आणि कोणाला?

उत्तर सगळे देतात ते म्हणजे सेन्सर. पडणाऱ्या अणूंच्या तरंगावर लेझरचे ठोके देऊन गुरुत्वाकर्षण अफाट अचूकतेने मोजता येतं. हे खरं आहे आणि आजच होतंय. इटलीत एटना ज्वालामुखीवर २०२० पासून असा एक गुरुत्वमापक बसवलाय, आतला लाव्हा हलला की त्याला कळतं. बर्मिंगहॅमच्या गटाने २०२२ मध्ये जमिनीखालचा बोगदा असाच शोधून दाखवला. पण बातम्यांत जे येत नाही ते असं की या यंत्रांत कंडेन्सेटही नाही आणि अणू-लेझरही नाही. नुसते लेझरने थंड केलेले, मायक्रोकेल्विनचे अणू, म्हणजे थंड गर्दीच. कारण साधं आहे. मोजमापातली अनिश्चितता अणूंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे अणू जितके जास्त तितकं बरं. आणि आपण वर पाहिलं, कंडेन्सेट बनवताना बहुतेक अणू उडून जातात, वरून काही सेकंद खर्ची पडतात. शिवाय दाट कंडेन्सेटमधले अणू एकमेकांना ढकलतात, त्याने मोजमाप सरकतं ते वेगळंच.

अणू-लेझरची गरज लागते ती अणूंना जास्त वेळ मोकळं तरंगू द्यायचं असेल तेव्हा. एक मायक्रोकेल्विनचे रुबिडियम अणू सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर पसरतात. जमिनीवर अर्धा सेकंद पडायचं असेल तर चालतं. अंतराळात दहा सेकंद तरंगवायचे तर ढग दहा सेंटिमीटर पसरून भिंतीला लागेल. म्हणून अंतराळवाल्यांना कंडेन्सेट हवं. जर्मनांनी जानेवारी २०१७ मध्ये स्वीडनहून सोडलेल्या रॉकेटमध्ये पहिल्यांदा अंतराळात कंडेन्सेट बनवलं, नासाची कोल्ड ॲटम लॅब २०१८ पासून अंतराळ स्थानकावर आहे. ब्रेमेनच्या मनोऱ्यात तर प्रयोगाचा आख्खा डबा खाली सोडून ३८ पिकोकेल्विनपर्यंत मजल गेली.

आपल्याकडे बघायचं तर १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर झालेलं राष्ट्रीय क्वांटम मिशन ६,००३.६५ कोटींचं आहे, मुदत २०३०-३१. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र पवईला, आयआयटी मुंबईत आहे. गुरुत्वमापनासाठी मिशनने ठेवलेलं लक्ष्य म्हणजे १०० नॅनोमीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा चांगली संवेदनशीलता. पृथ्वीच्या गुरुत्वाचा साधारण दहा कोटीव्वा भाग. माझं स्पष्ट मत असं की हे लक्ष्य गाठायला अणू-लेझर लागत नाही, थंड गर्दी पुरते. 'अणू-लेझर' हा शब्द प्रस्तावात चांगला दिसतो म्हणून त्यामागे धावलो, तर २०३१ ला आपल्याकडे एक सुंदर फोटो असेल आणि डोंगरावर नेता येईल असं यंत्र नसेल. लेझर, निर्वात पंप, आरसे, इलेक्ट्रॉनिक्स, हे सगळं अजून बऱ्याच अंशी बाहेरून येतं. तिथे पैसा गेला तर थंड गर्दीवाल्यांनाही उपयोग आणि उद्या कंडेन्सेटवाल्यांनाही.

याचा अर्थ मूलभूत काम बंद करा असं मी म्हणत नाही, कोणी तसं वाचू नये. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रुबिडियमचं कंडेन्सेट बऱ्याच वर्षांपूर्वीच झालंय, पुण्याच्या आयसरमध्येही अतिशीत अणूंवर काम चालतं. ती माणसं आहेत म्हणून तर सेन्सर बनवायला कोणी मिळतंय. फक्त दोन्हींची बिलं वेगळी ठेवा, एकाच्या नावावर दुसऱ्याची खपवू नका.

भाच्याला मी सांगितलं की थंड अणूंवर पीएच.डी. जरूर कर, पण अर्ज करण्याआधी त्या लॅबमध्ये एक आठवडा जाऊन बस. निर्वात गळती शोधण्यात, आरसे केसभर फिरवण्यात आणि रात्री दोनला लेझर पुन्हा लॉक करण्यात दिवस जातात. त्यात मजा वाटली तर नोकरीची काळजी नको, हे हात सगळ्यांनाच हवे असतात. शस्त्राची स्वप्नं बघत असशील तर आत्ताच विषय बदल. तो म्हणाला, "मामा, फॉरवर्ड तुम्हीच पाठवला होतात." तपासलं. माझ्या थोरल्या भावाने पाठवला होता, मी फक्त खाली अंगठा दिला होता.

ताईंनाही दुरुस्ती कळवली आणि सविस्तर माफी मागितली. त्यांचं उत्तर पुन्हा एका ओळीचं: "झोत निघाला की आधी जी-टू किती आला ते बघा, मग लेख लिहा."